वेशीवरचा दगड वाचायचा कसा?

वाटेवर इतिहास कोरून ठेवायची महाराष्ट्रातली रीत पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीपेक्षा कितीतरी जुनी आहे. गावात शिरताना मारुतीच्या देवळाजवळ, पाराला टेकून, ओढ्याच्या काठी किंवा एसटीच्या थांब्यामागे एखादा कोरीव दगड उभा असतो, कधी गुडघ्याएवढा, कधी छातीएवढा. शेंदूर फासलेला असला तर लोक हात जोडतात, नसला तर त्याच्यावर बसून गाडीची वाट बघतात. कसला दगड म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पांडवकालीन आहे."

पांडवांचा त्याच्याशी काही संबंध नसतो. बहुतेक वेळा तो शिलाहार किंवा यादव काळातला, नाहीतर त्यानंतरचा असतो. याच गावातल्या कुणाच्या तरी मरणाची किंवा जमिनीच्या दानाची ती जाहीर नोंद असते. ती वाचायला संस्कृत लागत नाही आणि पुष्कळदा लिपीही लागत नाही, कारण हे दगड चित्रांतून बोलतात आणि ती चित्रं ठरलेली आहेत. एकदा ती ओळखीची झाली की पुढच्या प्रवासात गाडी दर चार गावांनी थांबवावी लागते. घरचे वैतागतात, पण त्याला इलाज नाही.

खालून वर

सगळ्यात जास्त भेटतो तो वीरगळ. लढताना पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेला हा दगड. तो खालून वर वाचायचा. दगडावर एकावर एक तीन किंवा चार चौकटी असतात.

तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. त्याच्याजवळ काय कोरलंय तिकडे नीट बघा, कारण खरी बातमी तिथे असते. गाई दिसल्या, एकीमागे एक ओळीने आणि बाजूने कोरलेल्या, तर गावची गुरं वळवून न्यायला टोळी आली होती आणि त्यांना सोडवताना हा गेला. गोधन हीच तेव्हा गावाची ठेव, त्यामुळे अशा धाडी पडायच्या आणि असे दगडही गावोगाव सापडतात. वाघ दिसला तर जनावराशी झुंज. नाव दिसली तर समुद्रावरची किंवा खाडीतली लढाई. वीर घोड्यावर असेल तर माणूस बऱ्यापैकी हुद्द्याचा, पायी ढाल-तलवार घेऊन असेल तर साधा गडी. वीरगळ फक्त सरदारांचेच उभारत असं मात्र नाही. गुरं राखणाऱ्याचाही दगड तितक्याच निगुतीने घडवलेला असतो, आणि मला या साऱ्या प्रकारात तीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

त्यावरची चौकट झुंजीची. दोन बाजूंनी माणसं एकमेकांवर शस्त्रं उगारून उभी. आपला वीर कोणता ते आकारावरून कळतं, कारण शिल्पकार त्याला हमखास थोडा मोठा काढतो. त्याच्या वरच्या चौकटीत दोन अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. सर्वात वर शिवलिंग, समोर हात जोडून बसलेला तोच वीर आणि पूजा करणारा पुजारी. म्हणजे वीर कैलासाला पोचला. काही ठिकाणी, विशेषतः कर्नाटकात, लिंगाच्या जागी ध्यानस्थ तीर्थंकर असतो, तेव्हा वीर जैन. माथ्यावर कलश आणि त्याच्या दोन बाजूंना सूर्य नि चंद्रकोर. हे दोघं आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ.

नाव मात्र बहुधा नसतंच. कर्नाटकातल्या वीरगळांवर पुष्कळदा कानडीत सविस्तर लेख असतो: वीर कोण, कुणाचा मुलगा, कोणत्या राजाच्या काळात, कशासाठी लढला. आपल्याकडचे बहुतेक वीरगळ मुके आहेत. ज्या गावासाठी तो मेला त्या गावाला नाव सांगायची गरज वाटली नसावी, असं आपलं मला वाटतं. दहा पिढ्यांनंतर गावच ते विसरेल हे कुणाच्या मनात आलं नसेल.

नाव नसल्यामुळे आज एक घोटाळा सर्रास होतो. दगडावर तलवार दिसली की खाली नवी पाटी लागते, "शिवकालीन मावळ्याची समाधी". हेतू चांगला असतो, पण वीरगळ समाधी नव्हे, तो स्मारकाचा दगड आहे. त्याखाली कुणी पुरलेलं असेलच असं नाही. आणि यातले पुष्कळ दगड शिवाजी महाराजांच्या जन्माआधी तीन-चारशे वर्षं उभे होते. मुक्या दगडाचा काळ चौकटींची मांडणी, वेशभूषा, शस्त्रं आणि शेजारच्या देवळाची घडण यांवरून अंदाजाने ठरवतात. "बाराव्या-तेराव्या शतकातला असावा" यापुढे कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर जरा सावध व्हावं.

एकाच ठिकाणी भरपूर वीरगळ बघायचे असतील तर सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या किकलीला जा. भैरवनाथाच्या देवळाच्या परिसरात ते रांगेने उभे आहेत. मुंबईकरांना एवढं लांब जायचीही गरज नाही. बोरिवलीतल्या एकसरला, इमारतींच्या गर्दीत, महाराष्ट्रातले सर्वात नावाजलेले वीरगळ आहेत. हे माणसाच्या उंचीपेक्षा मोठे आहेत आणि त्यांतल्या काहींवर चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे: उंच नाळेची गलबतं, कडेला वल्ह्यांच्या ओळी, वर लढणारी माणसं. आपल्या किनाऱ्यावरची मध्ययुगीन सागरी लढाई इतक्या बारकाईने दाखवणारं दुसरं शिल्प चटकन आठवत नाही.

ही लढाई कोणती? अनेक अभ्यासक ती १२६५ च्या सुमाराची मानतात. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातली ती झुंज. तिचा दुसरा पुरावा हेमाद्रीच्या लिखाणात आहे. तोच आपला हेमाडपंत, यादवांचा मंत्री. तो लिहितो की सोमेश्वर समुद्रात बुडाला. महादेवाच्या कोपापेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल, म्हणजे पाण्याखालची आग परवडली, अशी हेमाद्रीची मल्लिनाथी. जिंकणाऱ्या राजाच्या मंत्र्याने लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून ते वाचायचं. दगड स्वतः कोणत्याच राजाचं नाव घेत नाही, त्यामुळे ही सांगड तर्काची आहे आणि काहींनी हे दगड याहून जुने ठरवले आहेत.

वीरगळाशेजारी कधी कधी एक वेगळाच दगड असतो. खांबातून बाहेर आलेला एकच हात, कोपरात काटकोनात वळलेला, पंजा वर उघडा, मनगटात बांगड्या. ही सतीशिळा. बांगड्या न फुटलेल्या दाखवायच्या, म्हणजे ती सौभाग्यवती गेली, हा त्यातला अर्थ. दगड घडवणाऱ्यांनी तिला गौरव दिला. आपण तो दगड बघताना काय झालं होतं ते विसरू नये. १९८७ च्या कायद्याने सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा आहे, तेव्हा अशा शिळेपुढे उत्सव वगैरे सुरू करायचा कुणाचा विचार असेल तर तो तिथेच थांबवलेला बरा.

गाढवाची शिवी

आता जरा अवघड दगड. वर सूर्य-चंद्र, मध्ये असलाच तर काही ओळींचा लेख, आणि खाली एक गाढव एका बाईशी समागम करतानाचं चित्र. याला गधेगाळ म्हणतात. अश्लील वाटतो, आणि तसा वाटावा म्हणूनच तो कोरला आहे.

मुळात हा जमिनीच्या दानाचा दगड. राजा किंवा त्याचा अधिकारी देवळाला, मठाला, ब्राह्मणाला जमीन किंवा तिचं उत्पन्न तोडून द्यायचा. त्याची सनद ताम्रपटावर किंवा शिळेवर व्हायची. पण राजा बदलला, घराणं बदललं, की नवा माणूस ते दान पाळेलच याची हमी काय? कोर्ट नाही, सातबारा नाही. मग शाप घालायचा: जो हे दान मोडेल त्याच्या आईला गाढव लागो. वर सूर्य-चंद्र, म्हणजे दान कायमचं, आणि खाली चित्र, म्हणजे मोडलंस तर काय होईल ते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ही अट समजते.

या पद्धतीचा एक फार बोलका पुरावा परळला सापडलेल्या शिलालेखात आहे. तो शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याचा, शके ११०८ चा. वैद्यनाथाच्या देवळाला दिलेल्या दानाचा हा लेख संस्कृतात आहे, पण शापाची वेळ आली की तो एकदम मराठीवर येतो: "अथ तु जो कोणुहुवि ए शासन लोपी तेया श्रीवैद्यनाथदेवाची भाल सकुटुंबिआ पडे." जो कोणी हा हुकूम मोडेल त्याच्यावर कुटुंबासकट वैद्यनाथाचा भाला पडो. त्यापुढचं वाक्य गाढवाचं आहे आणि ते इथे छापत नाही. देवाधर्माचं, राजाच्या बिरुदांचं सगळं संस्कृतात, आणि दम द्यायचा तेव्हा मराठी. दम ज्याला द्यायचा तो मराठी बोलणारा होता, एवढं यावरून पक्कं समजतं.

गाढवच का, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. एक मत असं की जमीन म्हणजे आई, आणि दान दिलेली जमीन बळकावणं म्हणजे त्या आईवरच अत्याचार. दुसरा धागा आपल्या बोलण्यातच आहे. एखादी जागा कायमची उजाड करायची तर तिच्यावर "गाढवाचा नांगर फिरवला" असं आपण म्हणतो. विजापूरच्या मुरार जगदेवाने १६३० च्या सुमारास पुणं बेचिराख केलं तेव्हा तिथे गाढवाचा नांगर फिरवल्याचं परंपरा सांगते. बैल पेरणीचा, गाढव उजाडपणाचं. शापातलं गाढव याच समजुतीतून आलं असावं. यात सगळी नामुष्की कुठल्या तरी बाईच्या माथी मारलेली आहे, हेही दिसल्याशिवाय राहत नाही. आजच्या शिव्याही त्याच वाटेने जातात.

या दगडांचं पुढे काय झालं ते विचारू नका. अर्थ विसरला गेल्यावर काही गावांनी तो अपशकुनी म्हणून फोडला किंवा पुरला. काहींनी उलट शेंदूर फासून देव केला. शेंदराचे थर तेलासकट वर्षानुवर्षं बसत जातात आणि आतलं कोरीवकाम गडप होतं. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं असंच कवच २०२२ मध्ये काढलं तेव्हा देवीचं मूळ रूप लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. वेशीवरच्या दगडाच्या नशिबी तेवढी काळजी कुठली.

तारीख लागली तर

गधेगाळाचं आणि अशा लेखांचं मोल त्यांच्यावरच्या तारखेत असतं. अलिबागजवळच्या अक्षी गावचा शिलालेख घ्या. बरीच वर्षं तो रस्त्याच्या कडेला उन्हापावसात उभा होता. कोरीव लेखांचे अभ्यासक डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, आणि त्यामुळे मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांपैकी एक. त्यात "पसीमसमुद्राधीपती", म्हणजे पश्चिम समुद्राचा स्वामी असं बिरुद लावणाऱ्या केसीदेवरायाचं नाव आहे, आणि भइर्जु सेणुई या प्रधानाचं.

शक सनाचा इसवी सन करायला ७८ मिळवायचे. तिथी वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांतली असेल तर ७९. एवढं शाळेत शिकवतात. पण दगडावरचा आकडा झिजलेला असतो, तीनचा नऊ दिसतो, आणि मग ताळा पाहायला संवत्सर उपयोगी पडतं. साठ संवत्सरांचं चक्र आपल्या पंचांगात आजही आहे. शकाच्या आकड्याला ६० ने भागा, जी बाकी उरेल तिच्यात १२ मिळवा, येईल तो संवत्सराचा क्रमांक. साठाच्या वर गेला तर साठ वजा करा. आता ९३४ ला ६० ने भागलं की बाकी ३४. त्यात १२ मिळवले की ४६. प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजत गेलं की सेहेचाळिसावं संवत्सर येतं परिधावी. आणि अक्षीच्या दगडावर "प्रधावी सवसरे" असं वाचलेलं आहे. आकडा आणि नाव एकमेकांना साक्ष देतात.

तरीही वाद मिटलेला नाही. शिलाहारांत केशिदेव नावाचे राजे दोन, त्यांच्यात सुमारे दोन शतकांचं अंतर. काही अभ्यासक आकडे वेगळे वाचून हा लेख दुसऱ्या केशिदेवाच्या काळात नेतात. एका झिजलेल्या आकड्यावर मराठीच्या वयातली दोनशे वर्षं इकडची तिकडे होतात. म्हणून लेख असलेल्या दगडावर चुना, ऑइलपेंट किंवा "गणेश मित्र मंडळ आपले स्वागत करीत आहे" यातलं काहीही लावू नये.

दगडाइतकीच त्याची जागा

दगडाइतकीच त्याची जागाही का महत्त्वाची, हे मुंबईतल्या जुन्या मैलाच्या दगडांवरून सहज समजतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मैल मोजत काळ्या दगडाचे खुंट रोवले, त्यांवर रोमन आकडे कोरले. पुढे फुटपाथ उंचावत गेले, खुंट त्यांत बुडाले. त्यांतले बरेचसे अलीकडच्या वर्षांत महापालिकेने शोधून, खणून वर काढले. असा दगड उचलून दुसऱ्या चौकात हौसेने बसवला तर त्यावरचा आकडा त्याच क्षणी खोटा होतो.

वीरगळाचं आणि गधेगाळाचंही अगदी हेच आहे, फक्त ते पटकन लक्षात येत नाही. गधेगाळ दान दिलेल्या जमिनीत किंवा तिच्या हद्दीवर उभा असतो. तो तिथून हलवून देवळात नेला की त्या जमिनीची खूण पुसली गेली. वीरगळांची रांग ओसाड माळावर असेल तर तिथे पूर्वी गाव, वाट किंवा घाटाचं तोंड असण्याची शक्यता बळावते. समुद्रापासून आत असलेल्या गावात होडी कोरलेला दगड सापडला तर जुनी खाडी कुठवर येत होती हा प्रश्न उभा राहतो. रस्ता रुंद करताना जेसीबीवाला दगड उचलून बाजूला टाकतो, कुणी भला माणूस तो ट्रॅक्टरमध्ये घालून देवळाच्या आवारात आणतो. दगड वाचला म्हणून आनंद होतो, पण त्याची अर्धी साक्ष रस्त्याच्या भरावात गेलेली असते.

कायदा काय म्हणतो? संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा कायदा आहे, पण वेशीवरचे बहुतेक सुटे दगड कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं शिल्प किंवा शिलालेख ही पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर १८७८ चा निधीचा कायदा आजही लागू आहे: किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. ते दहा रुपये राणीच्या काळातले, पण आकडा तसाच आहे.

दगड दिसला तर करायचं ते थोडंच. फोटो दुपारी बाराला काढू नका, सगळं सपाट येतं. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन हवं. नाहीतर अंधार पडल्यावर बॅटरी दगडाच्या कडेला जवळजवळ चिकटून धरा. दिवसा अजिबात न दिसलेली अक्षरं सावलीने उठून येतात. खडूने अक्षरं गिरवू नका, कारण गिरवणारा आपल्याला वाटतं ते अक्षर गिरवतो आणि पुढचा माणूस तेच वाचतो. तारेच्या ब्रशने आणि ॲसिडने घासणं तर नकोच. ठसा घ्यायचं काम जाणकारांवर सोडा. ओला कागद दगडावर चिकटवून ब्रशने ठोकतात, तो अक्षरांच्या खाचांत बसतो, मग वरून शाई लावली की काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. बघायला सोपं वाटतं, पण शिकाऊ हातांनी शाई दगडावर उतरते.

आणि दगड हलवणं अटळच असेल, रस्ता खरोखर त्याच्यावरूनच जाणार असेल, तर हलवण्याआधी मोबाइलवर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपा, कोरीव बाजूचं तोंड कोणत्या दिशेला होतं ते लिहा, आजूबाजूचे दगड, ओढा, झाड, बांध धरून लांबून दोन-तीन फोटो घ्या, शेताचा गट क्रमांक विचारून घ्या. त्या जागेला गावात काय म्हणतात तेही विचारा. "वीराचा माळ", "गाढवीचं शेत" असलं काही नाव म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात अजून असू शकतं, आणि ते सातबाऱ्यावर नसतं. हे सगळं एका कागदावर उतरवून ग्रामपंचायतीच्या दप्तरी द्या, एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या जवळच्या कार्यालयाला पाठवा आणि पोच घ्या.